मागे राहिलेली आजी: जिजाऊसाहेब आणि शंभूराजे

सांजवेळ (धागाकर्ती)

जिजाऊसाहेबांचे नाव निघाले की आपण शिवनेरी, लाल महाल, पुण्याच्या मातीत फिरवलेला सोन्याचा नांगर अशा ओळखीच्या वाटेने शिवाजी महाराजांच्या बालपणाकडे जातो आणि बहुधा तिथेच थांबतो. या धाग्यात मला त्यापुढच्या जिजाऊंविषयी लिहायचे आहे. साठी ओलांडल्यावर ज्यांच्या पदरात आईवेगळा नातू आला, त्या आजीविषयी.

हा विषय मला का सुचला, ते आधी सांगते. मी तीन वर्षांची असताना माझी आई गेली आणि मला आजीने वाढवले. गेल्या मार्गशीर्षात आजीही गेली. दिवसकार्य आटोपल्यावर काही दिवसांनी मी आणि माझा भाऊ रायगडावर गेलो. उतरल्यावर पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी बराच वेळ बसलो होतो. तिथे मी मनातल्या मनात सालांची वजाबाकी केली आणि आजवर ही गोष्ट आपल्या लक्षात कशी आली नाही, याचे मला वाईट वाटले.

संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. सईबाईसाहेब ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर गेल्या. म्हणजे मुलगा अजून अडीच वर्षांचाही नव्हता. जिजाऊंचा जन्म १५९८ चा, तेव्हा त्यांचे वय एकसष्ट होते. सईबाई गेल्या त्या वेळी अफजलखान स्वराज्यावर चालून आलेला होता आणि पुढच्या १० नोव्हेंबरला प्रतापगडाखालची ती भेट झाली. घरात सुतक, मुलगा जिवावरच्या प्रसंगाला निघालेला, आणि मांडीवर आई कुठे गेली हे विचारण्याइतकेच बोलू लागलेले लेकरू. अशा घरात एकसष्ट वर्षांच्या बाईने पुन्हा पहिल्यापासून आईपण हाती घेतले आणि ते १६७४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पंधरा वर्षे निभावले.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. या नातवाचे नाव त्यांच्या गेलेल्या थोरल्या मुलाचे होते. शहाजीराजांबरोबर कर्नाटकात राहिलेले थोरले संभाजीराजे कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले, ते या नातवाच्या जन्माआधी काही वर्षे. जो मुलगा त्यांना फारसा जवळ लाभलाच नाही, त्याचेच नाव घेऊन त्या रोज या नातवाला हाक मारत असतील.

या पंधरा वर्षांविषयी आपल्याला जे ठाऊक असेल, वाचलेले असेल किंवा गावात ऐकलेले असेल, ते कृपया इथे लिहावे.

भोरकरीण

ताई, आजीच्या जाण्याबद्दल वाचून वाईट वाटले. आमचे माहेर भोर तालुक्यातले, त्यामुळे धाराऊंचे नाव या धाग्यात पहिल्यांदा मीच घ्यायला हवे. पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळ आहे. तिथल्या गाडे पाटलांच्या घरातील धाराऊ या शंभूराजांच्या दूधआई. सईबाईंना बाळंतपणानंतर अंगावर दूध पुरेना, त्यांची प्रकृतीही खालावत गेली, तेव्हा धाराऊंना पुरंदरावर नेण्यात आले. कापूरहोळहून पुरंदर म्हणजे आमच्याकडच्या माणसांना चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे आमच्या भागात ही गोष्ट इतिहास म्हणून कुणी सांगत नाही, घरातल्या एखाद्या बाईची आठवण सांगावी तशी सांगतात.

आपण आजीविषयी लिहीत आहात, म्हणून मुद्दाम एक सांगावेसे वाटते. नातवंड सांभाळणारी आजी एकटी कधीच नसते. राजघराण्यातल्या मुलाला पाटलाच्या घरातली बाई छातीशी धरते आणि त्या बाईचे मुलगे, अंतोजी आणि रायाजी, पुढे शंभूराजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले जातात. हे नाते घरात मानाने टिकले, यात घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा हात असणारच. दूधआईला दूध सुटल्यावर परत पाठवायचे की घरचे माणूस मानायचे, हे वाड्यात कोण ठरवते, हे आपणा सर्व बायकांना ठाऊक आहे.

कागदपत्री

धागा मनापासून आवडला, आणि म्हणूनच एक सावधगिरीची सूचना करतो. जिजाऊंच्या नावची पत्रे उपलब्ध आहेत, वतनांच्या तंट्यांत त्यांनी लक्ष घालून निवाडे केल्याचे दाखले आहेत. मात्र त्या नातवाशी काय बोलत, त्याला काय शिकवत, याचे वर्णन करणारा समकालीन कागद नाही. आज बाजारात आणि व्याख्यानांत आजी-नातवाचे जे संवाद ऐकू येतात, ते सर्व उत्तरकालीन लेखकांच्या कल्पनेतून आलेले आहेत. कोंढाण्याचेही तसेच आहे. प्रतापगडावरून कोंढाणा पाहून जिजाऊंनी तो मागितला, सोंगट्यांचा डाव मांडला, हे पोवाड्यातले वर्णन सुंदर आहे, पण त्याला कागदाचा आधार समजू नये.

तरीही आपण केलेली वजाबाकी पक्की आहे आणि तिच्यात आणखी भर घालता येते. मार्च १६६० मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला आणि महाराज तिथे जुलैपर्यंत अडकले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात शायिस्ताखान पुण्यात येऊन बसला. म्हणजे ज्या गावात जिजाऊंनी उजाड जमिनीवर पुन्हा वस्ती उभी केली होती, ते गाव मोगलांच्या ताब्यात, मुलगा वेढ्यात, आणि राजगडावर त्या व तीन वर्षांचा नातू. कवी परमानंदांनी शिवभारतात लिहिले आहे की मुलाला सोडवण्यासाठी जिजाऊ स्वतः पन्हाळ्याकडे निघायला सिद्ध झाल्या होत्या आणि नेताजी पालकरांनी येऊन त्यांना थांबवले. परमानंद हे महाराजांच्याच काळातले कवी असल्यामुळे या प्रसंगाला वजन आहे.

सांजवेळ

कागदपत्रीसाहेब, आपली सूचना मान्य आहे. संवाद मी रचणार नाही. तारखांशेजारी फक्त त्या मुलाचे वय लिहीत जाईन, कारण इतिहासाच्या पुस्तकांत ते सहसा लिहिलेले नसते.

२३ जानेवारी १६६४ रोजी होदिगिरीच्या रानात शिकार करताना शहाजीराजे घोड्यावरून पडून गेले. महाराज सुरतेची मोहीम आटोपून परतत होते. जिजाऊंनी सती जाण्याचा निश्चय केला. सभासद बखरीत येते की महाराजांनी मांडीवर बसून, गळ्याला मिठी घालून, आपली शपथ घालून त्यांना थांबवले. चौतिसाव्या वर्षातला, सुरत लुटून आलेला मुलगा आईच्या मांडीवर बसतो, हे वाचताना आजही माझे डोळे भरून येतात. हा प्रसंग आपण नेहमी आई आणि मुलाचा म्हणून सांगतो. त्या दिवशी शंभूराजे साडेसहा वर्षांचे होते. त्यांची आई गेलेली होती, वडील वर्षातले कितीतरी महिने घोड्यावर असत. आजीही गेली असती, तर त्या मुलाला रात्री जवळ घेऊन झोपणारे असे रक्ताचे वडीलधारे माणूस गडावर कोण उरले असते? जिजाऊंना त्या क्षणी हे आठवले नसेल, असे मला तरी वाटत नाही. नवऱ्यामागे जाण्याला त्या काळी केवढा मान होता, हे ध्यानात घेतले म्हणजे मागे राहण्याचा त्यांचा निर्णय किती मोठा होता ते कळते.

त्याच्या पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १६६५ रोजी, सूर्यग्रहणाच्या पर्वावर महाबळेश्वरी महाराजांनी त्यांची सुवर्णतुला केली. महाराजांचे वृद्ध मंत्री सोनोपंत डबीर यांचीही तुला त्याच वेळी झाली. मुलाने आईचा असा गौरव केल्याची हकीकत मी लहानपणी आजीकडूनच ऐकली होती. ती सांगताना आजी नेहमी म्हणायची, “एवढं सोनं कशाला, जवळ बसला असता तरी पुरलं असतं.”

नीरा काठ

मी फलटणकडचा आहे, म्हणून नातींचा विषय काढतो. शंभूराजांविषयी बोलताना त्यांच्या सख्ख्या बहिणी मागे पडतात. सखूबाई, राणूबाई आणि अंबिकाबाई या सईबाईंच्याच मुली, म्हणजे त्यांचेही मायेचे छत्र १६५९ सालीच गेले. थोरल्या सखूबाई फलटणच्या निंबाळकरांकडे, बजाजीराव निंबाळकरांचे चिरंजीव महादजी यांना दिल्या. बजाजीराव म्हणजे सईबाईंचे भाऊ. त्यांना विजापुरात धर्मांतर करावे लागले होते. त्यांना परत स्वधर्मात घेण्यामागे जिजाऊ होत्या आणि मग त्यांच्याच मुलाला आपली नात देऊन त्यांनी लोकांची तोंडे बंद केली, असे आमच्याकडे परंपरेने सांगतात. प्रायश्चित्त देऊन माणूस पंक्तीला बसवता येतो, पण त्याच्या घरी मुलगी दिली की मग कुणी ब्र काढत नाही. आजीचा शब्द कुठवर चालत असे, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही.

येसूबाईंचाही उल्लेख व्हायला हवा. शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्क्यांची ही मुलगी अगदी लहान वयात सून होऊन आली. सासूबाई हयात नव्हत्या, म्हणून तिला घराण्याची रीत लावली असेल तर ती आजेसासूबाईंनी. पुढे शंभूराजांनी तिला कारभाराची मुद्रा दिली, ‘श्री सखी राज्ञी जयति’. १६८९ मध्ये शंभूराजांच्या वधानंतर रायगडाला वेढा पडला, तेव्हा स्वतःचा सातव्या वर्षातला शाहू जवळ असताना तिने धाकटे दीर राजाराम यांना गादीवर बसवून जिंजीकडे जायला सांगितले आणि स्वतः मुलासह मागे राहिली. ती १७१९ पर्यंत मोगलांच्या कैदेत होती. सांजवेळ ताई, आपण ‘मागे राहणे’ असा शब्द वापरलात, तेव्हा मला प्रथम येसूबाई आठवल्या.

कागदपत्री

येसूबाईंनी हे आजेसासूंकडून घेतले, असे ठामपणे म्हणता येणार नाही, पण काही वर्षे त्या एका घरात होत्या एवढे नक्की.

सांजवेळ ताईंच्या पद्धतीने मी पुढची वये लिहितो. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले गेले, बारा राहिले आणि पाच हजारांची मनसब शंभूराजांच्या नावे झाली. तहाच्या पूर्ततेसाठी त्यांना मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत ओलीस म्हणून जावे लागले. वय आठ. ५ मार्च १६६६ रोजी ते महाराजांबरोबर राजगडावरून आग्र्याला निघाले. १२ मे रोजी औरंगजेबाच्या दरबारात तो अपमानाचा प्रसंग घडला आणि त्याच आठवड्यात त्यांना नऊ वर्षे पूर्ण झाली. १७ ऑगस्टला बापलेक कैदेतून निसटले. नोव्हेंबर १६६७ मध्ये, दहा वर्षांचे असताना, मनसबदार म्हणून ते औरंगाबादेस शहजादा मुअज्जमच्या भेटीला गेले. म्हणजे आठव्या वर्षापासून हा मुलगा तीन वेळा शत्रूच्या गोटात गेला आणि तिन्ही वेळा आजी त्याची वाट पाहत गडावर राहिली.

सांजवेळ

आग्र्याविषयी मी मुद्दाम लिहायची थांबले होते, कारण त्याबद्दल थोडक्यात लिहिणे मला जमणार नव्हते.

महाराज निघाले तेव्हा राज्याचा कारभार जिजाऊंच्या देखरेखीखाली ठेवून गेले. किल्ले निम्म्याहून अधिक गेलेले, खजिन्यावर ताण, मुलगा आणि नातू दोघेही शेकडो मैल दूर, आणि खबर यायला लागणारे आठवडे. त्या अवस्थेत राज्य विस्कटले नाही. उलट त्याच काळात आदिलशहाकडून रांगणा परत घेतला गेला. त्या वेळी त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या.

पण माझे मन अडकते ते परतीच्या वाटेवर. सुटकेनंतर महाराजांनी मुलाला मथुरेत विश्वासू ब्राह्मण कुटुंबाकडे ठेवले, कारण लहान मुलगा बरोबर असता तर ओळख पटण्याचा धोका होता. महाराज राजगडावर मुलाशिवाय आले. गोसाव्याच्या वेषातल्या मुलाने पायांवर डोके ठेवले आणि आईला ओळख पटली, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. त्यानंतरचा क्षण मात्र कुणी सांगत नाही. मुलगा आला, आणि त्याच्या मागे दारात नातू नव्हता. परंपरा असे सांगते की मोगलांनी शोध थांबवावा म्हणून शंभूराजे वाटेत वारल्याची हूल उठवण्यात आली. ती हूल खरी वाटावी म्हणून घरात दुखवटा पाळावा लागला असेल, तर त्या दुखवट्यात आजी बसली असणारच. नातू जिवंत आहे हे ठाऊक असून, आणि तो खरोखर सुखरूप आहे का हे ठाऊक नसून. पुढे मथुरेच्या त्या मंडळींनी मुलाला सुखरूप राजगडावर आणून पोहोचवले.

माझा भाऊ एकदा शाळेच्या सहलीहून रात्रभर उशिरा आला होता. आजी उंबऱ्यावरून उठली नाही आणि तो आल्यावर काही बोललीही नाही, फक्त त्याच्यासाठी पाणी तापवायला आत गेली. मला राजगडावरची ती संध्याकाळ अशीच दिसते. कागदपत्रीसाहेब, हा संवाद नाही, त्यामुळे आपण तो चालवून घ्याल.

कागदपत्री

ताई, तो न चालवून घेण्याचा अधिकार कोणत्याही कागदाला नाही.

जुनी पायरी

अनेक ठिकाणी असे लिहिलेले वाचतो की जिजाऊ आणखी चार वर्षे जगत्या, तर शंभूराजे १६७८ च्या डिसेंबरात मोगल सरदार दिलेरखानाकडे गेलेच नसते. धाग्यावरील जाणकारांचे यावर काय मत आहे?

कागदपत्री

असे म्हणण्याचा मोह मलाही होतो, पण ते म्हणू नये असे माझे मत आहे. शंभूराजे वर्षभरात परतले आणि पन्हाळ्यावर पितापुत्रांची भेट झाली. त्यामागे राज्याच्या वाटणीची चर्चा, दरबारातले गट, सोयराबाईंची भूमिका अशी अनेक कारणे गुंतलेली होती. वडीलधारी बाई असती तर घर फुटले नसते, हे वाक्य आपण आपल्या घरांवरून म्हणतो. ते राज्यांना लागू पडतेच असे नाही. जिजाऊंच्या हयातीतही त्यांच्या माहेरची आणि सासरची माणसे एकमेकांविरुद्ध लढलेली आहेत. १६२९ च्या जुलैत त्यांचे वडील लखुजी जाधवराव आणि भाऊ निजामशहाच्या दरबारात, देवगिरीवर, दगा करून मारले गेले, तेव्हा शिवाजी महाराज त्यांच्या पोटात होते. घर फुटण्याचे आणि घर संपण्याचे दुःख त्या आपल्या मुलाच्या जन्माआधीपासून ओळखत होत्या.

सांजवेळ

मी थोडे वेगळे सांगते. फुटले नसते की नाही हे मला माहीत नाही, पण १६७४ नंतर त्या मुलाला शंभू अशी नुसत्या नावाने हाक मारणारे किती जण उरले असतील, एवढा विचार मनात येतो. सतराव्या वर्षी तो युवराज झाला आणि त्याच महिन्यात आजी गेली.

पाचाडची वाट

मी महाड तालुक्यातला, पाचाडपासून जवळच राहणारा. या धाग्यावर पाचाडविषयी लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

रायगडावरचा वारा, धुके आणि पावसाळ्यातली ओल उतारवयात जिजाऊंना सोसवत नसे, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी गडाच्या पायथ्याशी पाचाडला वाडा बांधला. आज त्याचे जोते, तटाच्या भिंती आणि विहिरी शिल्लक आहेत. त्यांतली एक ‘तक्क्याची विहीर’ म्हणून ओळखली जाते, कारण तिथे टेकून बसण्यासाठी दगडाचाच तक्क्या घडवलेला आहे. त्याला टेकून जिजाऊ पाण्याला येणाऱ्या बायकांची विचारपूस करत, असे आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कागदपत्रीसाहेबांना याचा कागद देता येणार नाही, पण तो दगड झिजलेला आहे, एवढे मी सांगू शकतो.

६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला. त्याआधी २९ मे रोजी महाराजांची मुंज झाली होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी मुलाची मुंज, आणि पाठोपाठ राज्याभिषेक आणि नातवाचे युवराजपद, हे सर्व त्यांनी शहात्तराव्या वर्षी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर अकरा दिवसांनी, १७ जूनला, ज्येष्ठ वद्य नवमीला, त्यांनी पाचाडच्या वाड्यात देह ठेवला. दर जूनमध्ये गडावर एवढी गर्दी होते की आमच्या रस्त्यावर गाड्यांना हलायला जागा नसते. नवमीला त्या मानाने फार कमी लोक येतात. आमच्याकडे तोवर पाऊस लागलेला असतो, समाधीभोवतालच्या झाडांवरून पाणी टपकत असते, आणि गावातल्या बायका ओले पदर सावरत फुले वाहून जातात.

माझी आजी दरवर्षी जायची. ती लिहायला-वाचायला शिकली नव्हती आणि शके, सन तिला सांगता आले नसते. ती समाधीपाशी गेली की घरातल्या एकेका नातवंडाचे नाव घेऊन पाया पडायची, आम्ही आठ जण होतो, आणि एखादे नाव राहिले तर अर्ध्या वाटेवरून परत फिरायची.

सांजवेळ

दादा, आपण हे लिहिल्याबद्दल मी आपली ऋणी आहे. आम्ही गेलो होतो तेव्हा विहीर पाहायची राहून गेली. आम्हाला कुणी सांगितलेच नाही आणि आम्हालाही विचारायचे सुचले नाही.

पाचाडची वाट

ताई, येत्या नवमीला या. पाऊस असेल, तेव्हा छत्रीपेक्षा इरले बरे, ते आमच्या घरी आहे. विहीर मी दाखवतो. गावातल्या बायका सकाळी नऊच्या सुमारास समाधीकडे निघतात, त्यांच्याबरोबर आपल्याला जाता येईल.

भोरकरीण

मीही येईन. कापूरहोळहून धाराऊंच्या नावाने आणलेली फुले त्या दिवशी तिथे वाहायची माझी इच्छा आहे. वरंध घाटाचा रस्ता पावसात सुरू असतो की बंद, ते कुणी कळवावे, म्हणजे कोणत्या वाटेने यायचे ते ठरवते.